विसावा पाठ

तीन वर्षांचा असताना त्याचे डोळे आले आणि आठवड्याभरात कायमचे गेले. घरात बाप आणि नऊ वर्षांनी मोठी बहीण. आई त्याआधीच गेलेली. बाप पुस्तकं बांधायचा, त्यामुळे खोलीत कायम खळीचा वास आणि कोपऱ्यात दाबून ठेवलेल्या पानांचे गठ्ठे. बहीण सोळाव्या वर्षी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागली. तिथे एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफ तपासायचं, अशी पद्धत होती. वाचताना स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. तिने हा सराव घरी धाकट्या भावावर केला. एका संध्याकाळी बापाचे गिऱ्हाईक बसले असताना सात वर्षांच्या पोराने प्राणिशास्त्राच्या पुस्तकाचा अख्खा धडा म्हणून दाखवला. "बेडूक हा उभयचर प्राणी आहे पूर्णविराम," असा. गिऱ्हाईक हसून हसून लोळले. ताई हसली नाही. तो धडा तिने त्याला एकदाच वाचून दाखवला होता.

बापाने त्याला गुरुजींकडे नेलं. गुरुजी स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर सात-आठ जणांना संस्कृत शिकवत. त्यांनी एक श्लोक म्हटला, पोराने परत केला. दहा म्हटले, दहा परत आले. मग शेवटच्या श्लोकापासून उलटे म्हणायला सांगितले, तर तेही आले. त्या दिवसापासून त्याचं नाव एकपाठी पडलं आणि आईबापाने ठेवलेलं नाव ताईसुद्धा विसरली.

गुरुजींच्या घराण्यात एका पूर्वजाने रचलेला ग्रंथ होता. शब्द आणि अर्थ यांच्या नात्यावरचे अडीच हजार श्लोक, लाकडी पेटीत ठेवलेली एकच हस्तलिखित प्रत. ठिपक्यांच्या लिपीत तेव्हा शाळेची पुस्तकं मिळत, शास्त्राची मिळत नसत. एकपाठी एकवीस वर्षांचा झाल्यावर गुरुजींनी ठरवलं की हा ग्रंथ त्याच्या कंठात ठेवायचा. वाचून दाखवायचं काम त्यांनी आपल्या पुतण्याला दिलं.

पुतण्या दोन वर्षांनी मोठा. स्वच्छ आवाज, तल्लख डोकं, स्वभावाने गोड. एकपाठीची चप्पल गर्दीतून शोधून आणणार, जिन्यात हात धरणार. दुपारी दोन ते पाच तो पेटी उघडून बसे आणि जुनं अक्षर लावत लावत पाच श्लोक वाची. एकपाठी ते एकदा ऐके, एकदा म्हणे, झालं. दोन वर्षं हे चाललं. एकपाठीला जगात दोन आवाजांवर डोळे मिटून विश्वास होता, असं तो स्वतःच गमतीने म्हणायचा. एक ताईचा, एक पुतण्याचा.

गुरुजी थकले तेव्हा त्यांची गादी कोणी चालवायची हे ठरवायला सभा भरली. बाहेरून तीन पंडित आले, एकशे चाळीस माणसं जमली. गादीवर हक्क सांगणारे दोघेच होते, एकपाठी आणि पुतण्या. एकपाठी उभा राहिला आणि अर्ध्या तासात सभा त्याच्या मुठीत आली. मग एका मुद्द्यावर त्याने ग्रंथातली ओळ आधाराला घेतली: शब्द अर्थाला सोडूनही राहू शकतो. वयोवृद्ध परीक्षकाने भुवई चढवली आणि पेटी मागवली. पान काढून स्वतः वाचलं. तिथे नेमकं उलट होतं: शब्द अर्थाला सोडून राहूच शकत नाही.

मागे कोणीतरी हसलं. एकपाठी म्हणाला की मी ऐकलं ते असंच. परीक्षकाने त्याला ती ओळ पुन्हा म्हणायला लावली, बोटांवर मात्रा मोजल्या आणि शांतपणे सांगितलं, "बाळ, हे विसरणं नाही. विसरणाऱ्याचं वृत्त मोडतं. तुझं वृत्त शाबूत आहे. ही ओळ कोणीतरी रचलेली आहे."

ही ओळ रचण्याइतकं डोकं तिथे दोघांनाच होतं. एकपाठीला क्षणात उमगलं आणि तो भर सभेत म्हणाला, "मला पुतण्याने असंच वाचून दाखवलं."

पुतण्या रडला. हुंदके देऊन रडला. दोन वर्षं मी माझे डोळे याला दिले, आणि याने त्याचे हे पांग फेडले, एवढंच तो म्हणाला. सभेला ते पटलं. कोण माणूस दोन वर्षं रोज तीन तास एका आंधळ्याला खोटं वाचून दाखवील? एवढा उद्योग कोणाला आहे? त्यापेक्षा वाद जिंकायला आंधळ्याने ओळ बनवली हे पटायला सोपं होतं. गुरुजींनी पान पेटीत परत ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या पूर्वजाच्या तोंडी तू आपले शब्द घातलेस. पुन्हा या जिन्यावर पाय ठेवू नकोस."

ताई त्याला न्यायला आली तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता.  घराच्या दाराशी तो म्हणाला, "एक ओळ सापडली. अडीच हजारांत अजून किती असतील, ताई?"

हीच त्याची खरी जखम होती. आपल्यासारख्याला चुकीचं वाचलेलं खोडता येतं, वर बरोबर लिहिता येतं. त्याच्या डोक्यात जे एकदा गेलं ते दगडावर कोरल्यासारखं बसे. त्या ग्रंथाशिवाय त्याच्याकडे दुसरी इस्टेट नव्हती आणि तिच्यात विष कुठे कुठे कालवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रत तपासायला मागितली तर पुतण्याने निरोप पाठवला की पानं फार जीर्ण झाली आहेत.

गुरुजी वर्षभरात वारले. पुतण्याने गादीची संस्था केली, इमारत बांधली, संचालक झाला. त्याच वर्षी बाप गेल्यावर एकपाठीने संन्यास घेतला. लोक वैराग्याने घेतात, याने रागाने घेतला. कारण त्याने ताईला मोजक्या शब्दांत सांगितलं: संन्याशासाठी कोणत्याही सभेचं दार उघडावं लागतं, आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. आता सगळे त्याला स्वामी म्हणू लागले, पाया पडू लागले. ताई पडली नाही. याचं नाक मी पुसलंय, असं ती म्हणे. संन्याशाने घरात राहू नये म्हणून तो अंगणापलीकडच्या खोलीत राही. ताई छापखान्यातून आली की तिथे जाऊन त्याला वाचून दाखवी.

रोज पहाटे तो ग्रंथातले शंभर श्लोक म्हणे आणि प्रत्येक ओळ दातांखाली धरून बघे, खोटं नाणं बघतात तशी. मागच्या-पुढच्या युक्तिवादाशी जी ओळ जुळत नसे तिच्यावर महिनोन् महिने विचार करी. पहिली आठ वर्षं त्यातच गेली. अठरा ओळी सापडल्या. सभेतली एक धरून एकोणीस. मूळ काय असेल याचा अंदाज कुठे बांधता येई, कुठे नाही. पण खोटी ओळ कोणती हे त्याला आता पक्कं माहीत होतं. ओळी इतक्या सफाईने रचलेल्या होत्या की कधीकधी तो चिडून म्हणे, याच्या निम्मी अक्कल गाढवाने सरळ कामाला लावली असती तर मीच याच्या पाया पडलो असतो.

आणि तो सभांना जाऊ लागला. पुतण्या स्वतः त्याच्यासमोर कधी येत नसे, तब्येतीचं निमित्त सांगे. मग स्वामीने त्याचे विद्यार्थी धरले. संस्थेतला जो कोणी वादाला उभा राही, त्याचा तो सभेत चेंदामेंदा करी. हरवून थांबत नसे, हसं करी. एक हुशार तरुण असाच त्याच्या तावडीत सापडला. सभेत त्याची वाचाच बसली आणि त्याने पुढे शास्त्र सोडून वजनकाट्यावर नोकरी धरली. हे स्वामीला कोणीतरी येऊन सांगितलं.

"पुतण्याचा एक दात पडला," स्वामी म्हणाला.

ताईने हातातलं पुस्तक मिटलं. त्यानंतर तीन दिवस तिने त्याला काही वाचून दाखवलं नाही. चौथ्या दिवशी आली आणि पुस्तक मिटलं होतं तिथून पुढे वाचू लागली.

मधल्या काळात स्वामीचं नाव मोठं झालं. त्याला कारण त्याच ग्रंथातली एक ओळ होती: जिथे शब्द थकतो, तिथे अर्थ त्याला उचलून घेतो. तिच्यावर त्याने दोनशे पानांचं विवरण सांगितलं, ताईने लिहून घेतलं. ते छापलं गेलं आणि लांबलांबून माणसं ते समजून घ्यायला त्याच्या खोलीत येऊन बसू लागली. तो ती ओळ म्हणायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा जरा वेळ उतरायचा. बाकी वेळी तो कडवटपणा तिथेच असायचा.

गादीच्या सभेला एकतीस वर्षं झाली तेव्हा संस्थेच्या गच्चीवरची टाकी फुटली. सुट्टीचे दिवस होते. अकरा दिवस पाणी खालच्या पोथ्यांच्या खोलीत झिरपत राहिलं. उघडलं तेव्हा लाकडी पेटीत काळपट लगदा उरला होता. पुतण्याने त्या प्रतीची नक्कल कधी कोणाला करू दिली नव्हती, कारण नक्कल झाली की ती फिरत फिरत स्वामीच्या कानावर पडणार. त्याला स्वतःला ग्रंथ पाठ नव्हता. डोळे असणारा पाठ कशाला करील?

आठवड्याभराने संस्थेच्या अध्यक्षबाई स्वामीकडे आल्या. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या. संस्कृत बेताचं, पण कान तिखट. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की ग्रंथ आता फक्त तुमच्या डोक्यात आहे, तुम्ही सांगा, आम्ही उतरवून घेतो, संपादक म्हणून संचालकांचं नाव जाहीर झालेलं आहे, ते राहील. हे ऐकून स्वामी चिडेल असं त्यांना वाटलं असावं. तो खुशीत आला. नाव राहायलाच हवं, म्हणाला. त्याने दोन अटी घातल्या. लिहिलेलं त्याची बहीण परत वाचून दाखवील. आणि संपादकांनी रोज समोर बसायचं आणि संध्याकाळी प्रत्येक पानाखाली 'मुळाप्रमाणे बरोबर' असं लिहून सही करायची.

त्या गेल्यावर ताईने विचारलं, "खोट्या ओळी सांगणार?"

"जशा ऐकल्या तशा सांगणार. त्यात माझं खोटं काय?"

"मी जन्मभर चुका काढल्यात. आता माहीत असून त्या ग्रंथात शिवून देऊ?"

"तू थांब म्हण, मी नाही सांगत. मग उरलेला ग्रंथही माझ्याबरोबर जाईल."

 तो असं बोलू लागला की त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नसतो, हे ताईला ठाऊक होतं.

संस्थेच्या वाचनालयात काम सुरू झालं. लांब टेबल, दोन लेखनिक, टोकाला अध्यक्षबाई. पुतण्या स्वामीच्या समोर बसला. त्याच्या आवाजावरून स्वामीला कळलं की तो म्हातारा झालाय, दातांची कवळी आहे. सुरुवातीलाच स्वामी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला हा ग्रंथ ज्यांनी वाचून दाखवला ते इथेच आहेत. मी जसाच्या तसा सांगतो. कुठे चुकलो तर त्यांनी थांबवावं. तो अधिकार दुसऱ्या कोणाला नाही."

दुसऱ्याच दिवशी पहिली खोटी ओळ आली. स्वामीने ती इतर ओळींसारखीच सांगितली, एका दमात. समोर काहीच हाललं नाही. लेखनिकाची लेखणी चालली. ताईने वाचून दाखवलं. संध्याकाळी पुतण्याने पानाखाली सही केली. नीबचा कुरकुर आवाज स्वामीने कान देऊन ऐकला. त्या दिवशी त्याला भूक चांगली लागली.

असं सोळा दिवस चाललं. सात खोट्या ओळी गेल्या, सात पानांवर सह्या झाल्या. प्रत्येक खोट्या ओळीच्या आधी स्वामी किंचित सावकाश होई, सापळ्यावरचा माणूस होतो तसा, आणि समोरचा श्वास अडकलेला त्याला ऐकू येई. घरी येऊन तो ताईला ते रंगवून सांगे. आज पाण्याचा पेला दोनदा उचलला आणि न पिता ठेवला. आज खुर्ची मागे सरली. ताई ऐकून घेई आणि आपल्या कामाला लागे.

सतराव्या दिवशी सभेतली ती जुनी ओळ आली: शब्द अर्थाला सोडूनही राहू शकतो. अध्यक्षबाईंनी लेखनिकाला थांबवलं. दोन दिवसांपूर्वी ग्रंथकाराने याच्या उलट सांगितलं होतं, हे त्यांच्या ध्यानात होतं. त्या हसत म्हणाल्या, "कोर्टात साक्षीदार असा पलटला असता तर मी त्याला उभंच केलं नसतं. संचालक, तुमच्या पूर्वजांचं डोकं ठिकाणावर होतं ना?"

लेखनिकही हसले.  त्या संध्याकाळी सही करताना पुतण्याला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने काम बंद ठेवलं आणि दुपारी एकटाच स्वामीच्या खोलीवर आला. ताई दाराशी बसून कागद लावत होती. ती उठली नाही आणि त्यानेही तिला जायला सांगितलं नाही. तो खाली जमिनीवर बसला. गुडघ्यांचा कडकड आवाज झाला.

"स्वामीजी, किती ओळी कळल्या आहेत तुम्हाला?"

"एकोणीस."

"माझ्या काकांचं नाव जाईल. पूर्वजांचं जाईल. माझं जाऊ द्या. आपण दोघं बसून दुरुस्त करू. बाहेर कळायची गरज नाही."

स्वामी म्हणाला की त्या दिवशी सभेत मी तू खोटं वाचलंस हेच सांगत होतो, तेव्हा ऐकायला एकशे चाळीस माणसं होती. तेवढी जमव. त्यांच्यासमोर सांग की मी खोटं वाचलं. मग दुरुस्त करू.

 पुतण्या स्वामीजी वगैरे सोडून जुन्या बोलीवर आला. काकांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की माझ्यामागे हा ग्रंथ या आंधळ्याच्या तोंडात जिवंत राहील. मी पेटी उचलायला शेजारीच उभा होतो. पुढच्या आठवड्यात पहिली ओळ घातली. तुला कळेल अशी भीती होती, कळलं नाही, मग थांबवेना. हे सगळं त्याने सपाट आवाजात सांगितलं आणि मग म्हणाला, "पण एकोणीस नाहीत. वीस आहेत."

"खोटं."

"वीस. विसावी तुला कधी खटकलीच नाही. जिथे शब्द थकतो, तिथे अर्थ त्याला उचलून घेतो. ती माझी आहे."

ताईच्या हातातले कागद थांबले. 

पुतण्या पुढे म्हणाला की त्या दिवशी मनात द्वेषही नव्हता, वाचता वाचता ती ओळ आपोआप सुचली. त्याहून चांगली ओळ मला पुढे कधी सुचली नाही. इतकी वर्षं लोक ती डोक्यावर घेऊन नाचताहेत आणि ती माझी असं मला म्हणता येत नाही. मूळ ओळ अगदी साधी होती: जिथे शब्द संपतो, तिथे अर्थही संपतो.

स्वामीने ती मनात फिरवली. मागच्या-पुढच्या श्लोकांत ती कुलपात किल्ली बसावी तशी बसली. त्याचं दोनशे पानांचं विवरण तिथल्या तिथे कोसळलं.

"आता बघ," पुतण्या म्हणाला, "मी एकोणीस सांगतो. विसावी आपल्या दोघांत राहील. तुझं पुस्तक राहील, नाव राहील. फक्त मला सभेऐवजी अध्यक्षबाईंच्या खोलीत सांगू दे. त्या, तू आणि मी."

ताईला वाटलं, भाऊ मान्य करेल. तिच्या मनात क्षणभर असंही आलं की करावं. ते विवरण तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, त्याची प्रूफं तीन वेळा वाचली होती.

स्वामीने हाताने चाचपून पुतण्याचा खांदा शोधला आणि धरला. "तू माझं नाव राखणार, होय रे?" तो म्हणाला. "जाऊ दे माझं. पण तू उभा राहिलेला मला ऐकायचाय. वीसही सांगायच्या."

सभा भरली. एकशे चाळीसहून कितीतरी जास्त माणसं आली, कारण कुणकुण लागली होती. अध्यक्षबाईंनी पुतण्याला उभं केलं. त्याने एकेक खोटी ओळ म्हटली आणि मूळ आठवेल तशी सांगितली. बारांचं मूळ त्याला आठवलं. आठांचं आठवेना. स्वतः घातलेलं चांगलं लक्षात होतं, पण जे खोडलं ते गेलं होतं. सभेत कोणी हसलं नाही. स्वामीने एकतीस वर्षं ज्या हशाची वाट पाहिली होती तो आलाच नाही. मग विसावी ओळ आली. पुतण्याने ती म्हटली आणि माझी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा सभेतून दबका, कौतुकाचा सुस्कारा उमटला. काही केल्या तो आवरला गेला नाही. स्वामीने तोही ऐकला.

नंतर स्वामी उभा राहिला. आपलं विवरण चुकीच्या ओळीवर उभं आहे, ते कोणी वाचू नये, एवढं त्याने सांगितलं. आणि मागणी केली की ग्रंथात त्या आठ जागा कोऱ्या सोडाव्यात आणि प्रत्येकीखाली टीप छापावी: येथील मूळ ओळ अमुक माणसाने हेतुपुरस्सर बदलली, त्यामुळे ती नष्ट झाली. अमुक म्हणजे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अध्यक्षबाईंनी विचारलं की आठ वेळा कशाला, एकदा प्रस्तावनेत पुरेल. स्वामी म्हणाला की प्रस्तावना कोणी वाचत नाही.

ग्रंथ तसाच छापला गेला. प्रूफं ताईने वाचली, आठही टिपांसकट. पहिली प्रत आली तेव्हा स्वामीने त्या आठ पानांवरून बोटं फिरवली, जणू कोऱ्या जागा हाताला लागतील. ताईने त्याला विचारलं की समाधान झालं का. झालं, तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच तसा होता. ताईला तेच आवडलं नाही.

ती एकदा त्याला बोललीही. शिक्षा तू त्याला केलीस, पण अडखळणार तो ग्रंथ वाचणारा. आठांपैकी पाच ओळी काय असतील याचा तुला अंदाज आहे, मला माहीत आहे. स्वामी म्हणाला, अंदाज ग्रंथात घालणं म्हणजे पुतण्याचाच धंदा. मग वेगळं छाप, ताई म्हणाली, तुझ्या नावावर, अंदाज म्हणून. सहा महिने गेले. मग एका सकाळी तो कागद घे म्हणाला आणि पाच ओळी कारणांसह सांगितल्या. त्याचं छोटं पुस्तक झालं. जुन्या विवरणाइतकं ते कोणी डोक्यावर घेतलं नाही, पण जाणकारांनी मानलं. खोलीत येणारी माणसं आता निम्म्यावर आली होती. जी येत त्यांतली काही अजून त्या विसाव्या ओळीसाठीच येत. स्वामी त्यांना मूळ ओळ शिकवी. मात्र ग्रंथ म्हणताना त्याची जीभ पहिल्यांदा खोट्या ओळीकडेच वळे. मग तो थांबे आणि पुन्हा म्हणे. हे शेवटपर्यंत सुटलं नाही.

दुसरी आवृत्ती निघायची वेळ आली तेव्हा पुतण्याच्या मुलीचं पत्र आलं. ताईने वाचून दाखवलं. वडील आता माझ्याकडे असतात, घराबाहेर पडत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. त्यांनी केलं ते वाईटच होतं. टिपा राहू द्याव्यात. फक्त नावाच्या जागी 'एका वाचकाने' असं छापता येईल का? ही मागणी त्यांची नाही, माझी आहे. त्यांना मी हे पत्र दाखवलेलं नाही.

स्वामीने पत्र पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. ताईने वाचलं. तिच्या आवाजात त्याला काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्याने मान दुसरीकडे वळवली.

"लिही," तो म्हणाला. "पत्र पोचलं. नाव राहील."

"दुसरं काही?"

"नाही."

ताईने तेवढ्या दोन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या आणि पेन त्याच्या हातात दिलं. एरवी सहीच्या वेळी ती त्याचं बोट धरून रेघेवर ठेवून द्यायची. या वेळी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग आपणच अंदाजाने सही केली. ती तिरकी जाऊन कागदाबाहेर टेबलावर उमटली. ताईने कागद घडी करून पाकिटात घातला आणि टेबल पुसायला फडकं आणलं.